सहाव्या कॉलमच्या कापलेल्या सळया

प्रिय आप्पा,

आपल्या स्वयंपाकघराच्या मागं आत्ता खड्डा खणायला लागलेत, आणि तो माझ्यापायीच. घरात माझ्याशी कोण नीट बोलत न्हाय. प्रमोद माझ्याकडं पाठ करून पायरीवर बसलाय. सुप्रियानं चहा आणला, तो खाली ठेवला आणि तशीच वळली. भावजय असली तरी कधी अशी वागली नव्हती हो ती! मग मी बोलू कुणाशी? म्हणून अंगणातल्या विटांच्या ढिगावर बसून, शाळेच्या वहीची पानं फाडून तुम्हाला लिहायला घेतलंय. तुम्हाला जाऊन चौदा महिने झाले. तेवढ्या दिवसांत एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहितेय ती भांडायला.

घराला सहा कॉलम. त्यातल्या पाचांच्या सळया तुम्ही गच्चीवर हातभर वर सोडून ठेवल्यात, प्रमोदचा वरचा मजला त्यावर चढावा म्हणून. गंज धरू नये म्हणून दरवर्षी त्यांना सिमेंटचं पाणी फासत होता. आणि सहाव्याच्या, मागच्या आग्नेय कोपऱ्यातल्या कॉलमच्या सळया मात्र स्लॅबच्या बरोबरीनं कापून टाकल्यात. कुणी विचारलं की म्हणायचात, "वाळत घातलेली लुगडी अडकून फाटत हुती." आप्पा! उचगावात निम्मी घरं बांधलेला गवंडी लुगड्यापायी सळया कापतोय होय? आणि आम्हीही ते खरं धरलं!

आता प्रमोदला वरचा मजला पाहिजे. त्याचं काय चुकलं? दोन पोरं मोठी झाली, खालच्या दोन खोल्यांत चौघांनी किती दिवस काढायचे? उद्यमबागेतल्या कारखान्यातनं रात्रपाळी करून आला की झोपायला कोपरा नाही त्याला. नवा मेस्त्री बसू म्हणून आहे, माणूस वाईट नाही. तो म्हणाला, कापलेल्या सळयांच्या शेजारी मशीननं भोकं मारायची, केमिकल भरायचं, नव्या सळया ठोकून बसवायच्या, अर्ध्या दिवसाचं काम. परवा शुक्रवारी मी निपाणीहून एसटीनं आले, सहज, घरकाम कुठवर आलंय बघायला. गच्चीवर गेले तर मशीन जोडलेलं. मी म्हटलं, "थांबा."

"येनू आगल्ला टीचर," बसू हसला. "काय होत न्हाय बगा. मी लई ठिकाणी केलोय."

"इथं करायचं न्हाय," मी म्हटलं. "आप्पांनी त्या सळया कशाला कापल्यात ते कळल्याबगर इथं भोक पडणार न्हाय."

मग प्रमोद बोलला. काय बोलला सांगू? सगळ्या गड्यांच्या देखत म्हणाला, "आक्का, तुला वाटा पायजे असंल तर सरळ बोल. घराला कशाला दोष लावतीस?"

वाटा! मी! हक्कसोडाच्या कागदावर माझी सही व्हायची राहिलीय, ती का राहिलीय? त्यालाच सवड नाही म्हणून! पण त्याच्या मनात ते कधीपासून बसलं असणार, नाहीतर इतक्या झटक्यात बाहेर पडलं नसतं. मी त्याला म्हटलं, "वाटा न्हाय रं मला पायजे, तुझी पोरं जिवंत पायजेत." हे असं बोलायला नको होतं. सुप्रिया रडायला लागली, आणि तेव्हापासून हे घर असं गप्प आहे.

माझ्या मनात काय होतं ते तुम्हाला सांगते, कारण ते तुमच्याकडूनच शिकलेय. मी आठवी-नववीत असेन, पाटलांच्या गल्लीत एका घराची भिंत तडकली म्हणून तुम्हाला बोलावलं होतं. मला बरोबर नेलंत. म्हणालात, उभी बारीक रेघ असली तर गिलाव्याची, तिला भ्यायचं नाही. पण खिडकीच्या कोपऱ्यातनं तिरकी चढत गेली तर खाली काहीतरी बसतंय. बसायचं थांबलंय का चालूच आहे, हे कसं बघायचं? तड्यावर आडवी कागदाची पट्टी चिकटवायची, पेन्सिलीनं तारीख घालायची. पट्टी शाबूत राहिली तर लिंपून घ्या. फाटली तर माणसं बाहेर काढा. असं तुम्ही त्या घरमालकाला तोंडावर सांगितलं होतं आणि तो तुमच्यावर चिडला होता. मला किती अभिमान वाटला होता तुमचा!

आणि आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी? तिथं तिरका तडा होता, आप्पा. आई असताना दर दिवाळीला बाकीचं घर मी आणि ती रंगवायचो, तो कोपरा मात्र तुम्ही. आधी पुट्टी, मग चुना, वर दोन हात. बादली मी धरत होते. एकदा म्हटलं, "आप्पा, इथं पट्टी लावूया का?" तर तुम्ही थापी खाली टाकली आणि म्हणालात, "शानपणा शाळंत दाव." परत कधी विचारलं नाही मी.

तुम्ही गेल्यावर पहिल्याच दिवाळीला मी ती पट्टी लावली. चौकटीच्या वहीचा कागद, वर तारीख. कुणाला सांगितलं नाही. परवा गच्चीवर चढायच्या आधी सुप्रियाचा मसाल्याचा डबा बाजूला सरकवून बघितलं, पट्टी मधोमध फाटलेली. म्हणून मी थांबा म्हटलं, दुसरं काही कारण नाही.

पट्टी दाखवली तर प्रमोद म्हणाला, "कागदच हाय, वाफंनं उसवला असंल." बसू तड्याकडं बघत उभा राहिला. मग प्रमोदच तावातावानं म्हणाला, "खणू या. खणून बघू या एकदाचं. पाया चांगला निघाला तर आक्का, तू परत ह्या कामात पडायचं न्हाईस." मी हो म्हटलं. तर आप्पा, आज रविवारी माझा शब्द त्या खड्ड्यात आहे.

तुमच्या पद्धतीनंच चाललंय. उघडं करायच्या आधी आधार द्यायचा, हे तुमचंच ना? बसू सरळ कुदळ घेऊन निघाला होता. मी त्याला आधी बीमखाली तीन टेके लावायला लावले, खाली फळ्या घालून. पोरांना शेजारी धाडलं. खड्डा कॉलमला चिकटून नाही, दोन फूट सोडून. बसू पुटपुटला, पण ऐकलं त्यानं.

दोन फुटांवर काळी माती संपली. तीन फुटांवर फुटिंगची कड दिसली. प्रमोद पायरीवरून उठून आला, वाकून बघितलं, माझ्याकडं बघून म्हणाला, "हाय की गं पाया!" चेहरा असा फुलला होता त्याचा. आणि मला खरंच वाटलं, देवा, मला हरू दे. मला खोटं पडू दे आज. मी माफी मागते सगळ्यांची आणि चारच्या एसटीनं निपाणीला जाते.

आणखी खाली जा म्हटलं मी. तुम्ही सांगायचा, फुटिंग दिसलं म्हणून खूश होऊ नका, ते कशावर बसलंय ते बघा. पहार मारली की टण्णकन वाजली पाहिजे, हाताला झिणझिण्या आल्या पाहिजेत, तो कडक मुरूम. बसूनं पहार घेतली आणि मारली.

वाजलीच नाही. दीड हात सरळ आत गेली.

इथं लिहायचं थांबले होते. आता परत लिहितेय, मधे तासभर गेला.

खालनं काय निघालं सांगू? कौलांचे तुकडे, राख, फुटके चिरे, एक चप्पल. आणि मग एका बाजूनं गोल बांधलेला दगड. आड! बसू वर बघून म्हणाला, "टीचर, हे बाव हाय." तुमचं फुटिंग अर्धं आडाच्या काठावर आणि अर्धं भरावावर बसलंय. तो भराव इतकी वर्षं खाली बसतोय आणि तो कोपरा त्याच्याबरोबर चाललाय.

तेवढ्यात यल्लव्वा आली. तुमच्या हाताखाली गारा वाहून वाहून म्हातारी झालेली यल्लव्वा. खणायला लागलेत म्हणून तिला कुणीतरी सांगितलं असणार. खड्ड्याच्या काठावर येऊन उभी राहिली आणि पदर तोंडाला लावला.

"म्या बोल्ली हुती मेस्त्रीला," ती म्हणाली. "मेस्त्री, हितं आड हाय, कॉलम पुढं घ्या. तर मेस्त्री म्हटला, यल्लव्वा, पुढं घेटलं तर चूल कुठं मांडू? मालकीणबाईला चूल आग्नेयलाच पायजे. तीन दिस पाट्या वतली आमी त्या आडात. वर जाड फरश्या टाकल्या. मेस्त्री म्हटला, बसंल आपोआप."

"मग सळया?" प्रमोदनं विचारलं.

"पैला पाऊस झाला, भिंतीला तडा आला. त्या दिशी मेस्त्री एकटा गच्चीवर गेला, एक एक सळी कापली. खाली आला तवा डोळं लालबुंद. म्हटला, यल्लव्वा, हितं वर कदी वजन पडू द्यायचं न्हाय, आणि कुणाला बोलायचं बी न्हाय. म्या न्हाय बोल्ली."

आम्ही दोघं त्या वेळी नंदगडला आजोळी होतो, घर उभं राहिल्यावरच आलो. आड होता हे गावात कुणाला तरी आठवत असेल, पण तो नेमका त्या कॉलमखाली गेलाय हे तुम्हाला आणि यल्लव्वालाच ठाऊक. आणि तुम्ही गेलात! दवाखान्यात शेवटचे अकरा दिवस शुद्धीवर होता की तुम्ही. गोठ्याच्या पत्र्याचं बोललात, पाण्याच्या टाकीच्या झाकणाचं बोललात. प्रमोदचा हात धरून म्हणालात, वरचा मजला लवकर चढव. असं कसं म्हणालात? त्याला अर्धंच कसं सांगितलंत? मी शुक्रवारी आले नसते तर? शनिवारी आले असते तर?

यल्लव्वाचं बोलणं झाल्यावर प्रमोद कुणाला न विचारता खड्ड्यात उतरला. नको म्हणेपर्यंत खाली गेलाही. गुडघ्यावर बसून त्यानं फुटिंगखाली हात घातला. कोपरापर्यंत हात आत गेला, आप्पा. तिथं काही नाही, यल्लव्वा म्हणाली त्या फरश्याही खाली गेलेल्या. नुसती पोकळी. तो तसाच बसून राहिला, हात आत. मी वरून ओरडले, "प्रम्या, बाहेर ये आधी!" लहानपणी हाक मारत होते तशी.

वर आला. अंगभर राख. म्हणाला, "आक्का, पोरगी माझी ह्याच कोपऱ्यात अभ्यासाला बसती." आणि माझा दंड धरला. एवढंच. माफी बिफी काही नाही, आणि मलाही नको होती. सुप्रिया आतनं पळत आली आणि पोरीची वह्या-पुस्तकं त्या कोपऱ्यातनं उचलून पुढच्या खोलीत नेऊन ठेवली. मग बसू आणि प्रमोदनं आणखी चार टेके लावले. मंगळवारी बेळगावहून इंजिनिअर येतोय. बसू म्हणतो, तो कोपरा तुकड्यातुकड्यानं खालून उचलून मुरमापर्यंत न्यावा लागणार, एका दमात उघडायचा नाही. वर मजला चढलाच तर पुढच्या चार कॉलमांवर एक खोली. मागं वजन नाही. प्रमोदनं एका शब्दानं वाद घातला नाही.

आता माझं ऐका. राग आलाय मला तुमचा, खूप आलाय, आणि तो आज जाणार नाही. दुसऱ्याच्या घराचा तडा तुम्ही भर चौकात सांगत होता आणि स्वतःच्या घरचा पुट्टीखाली घातलात. लोक काय म्हणतील ह्याला भ्यालात ना? गवंड्याचाच पाया खचला म्हणून हसतील? हसू दे की! सळया कापायला गेलात त्या दिवशी खाली येऊन आईला नुसतं म्हणायचं होतं, चुकलं माझं. चूल दुसरीकडं मांडली असती तिनं. बडबडली असती चार दिवस आणि मांडली असती.

मी इथनं हलत नाही. शाळेला रजा टाकतेय. तो कोपरा मुरमावर बसेपर्यंत मी प्रमोदच्या घरात राहणार, आणि पहार वाजल्याचा आवाज माझ्या कानानं ऐकूनच निपाणीला जाणार. घराचा नकाशा काढायला घेतलाय मी. कुठल्या भिंतीत पाईप, कुठं वायर, कुठं आड, सगळं. तुमच्या नावासकट लिहिणार, आणि तुमची चूकही लिहिणार. प्रमोदच्या पोरांनी वाचली पाहिजे. माझ्या हातून असं काही झालं तर तेही त्याच कागदावर लिहीन, लपवणार नाही. हा शब्द देते.

चुकलात, आप्पा. तुमच्या तोंडावर म्हणायचं होतं हे. तुम्ही नेहमीसारखे रागानं ताटावरनं उठला असता, आणि मी ताट घेऊन तुमच्या मागं आले असते. चुकलात म्हणून काय तुम्हाला उपाशी ठेवलं असतं होय आम्ही?

तुमची,
मंगल