गळकी कुंडी

तीर्थस्वरूप वहिनींस धाकट्या दिराचा साष्टांग नमस्कार.

गुडघा आता जिना चढू देतो का? मी ठीक आहे. फक्त खोकला माझ्याआधी घरात शिरतो (असं तुमची जाऊ म्हणते).

दादाने उमेदीची वर्षं जिथे घालवली, ते रॉकेट इंजिनांच्या चाचणीचं मैदान आता पाडताहेत. तिथल्या पहिल्या इंजिनाचे अवशेष गोळा करायचं काम संग्रहालयाच्या बाईंनी माझ्या गळ्यात घातलं (निवृत्त माणूस रिकामा दिसला की लोकांना बघवत नाही). वस्तू मैदानात कमी आणि गावभर जास्त निघाल्या. निरीक्षणाच्या खिडकीची जाड काच शिंप्याच्या मेजावर होती. ती मागितली तर त्याने आधी माझं माप घेतलं. आता मला नको असलेली पँट शिवून येणार आहे. इंधनाच्या टाकीत कोंबड्या राहतात. मी आत शिरलो आणि झाकण पडलं. मालकीण बाजारातून येईपर्यंत कोंबड्यांनी मला सांभाळून घेतलं. तिने मात्र आधी अंडी तपासली, मग मला.

सगळं मिळालं, एक नोझल सोडून. नोझल म्हणजे इंजिनाचं घंटेसारखं तोंड, ज्यातून आग बाहेर पडते. पहिल्याच चाचणीत ते तडकलं आणि त्या आवाजाने दादाचे कान गेले. पुढे तुम्ही जन्मभर त्याच्याशी ओरडून बोललात आणि शेजारी तुम्हालाच भांडखोर समजले. ते आठवलं की अजून भरून येतं. बाई म्हणतात, त्या तड्यावरूनच पुढची सगळी इंजिनं सुधारली. ते नोझल नसेल तर संग्रहालय बाकीचंही घेणार नाही. सगळं भंगारात जाईल.

तब्येतीला जपा.

तुमचा,
धाकटा दीर

ता. क. काल बाईंनी नोझलचा जुना फोटो दाखवला. वहिनी, ती तुमच्या अंगणातली गुलाबाची कुंडी आहे. बाईंना अजून बोललो नाही; आधी तुम्हाला विचारायला हवं. गळते म्हणून तिचा तडा बुजवा, असं तुम्ही वर्षानुवर्षं दादाच्या मागे लागायचात आणि तो ऐकू न आल्यासारखं करायचा (तेवढं त्याला नीट ऐकू यायचं). पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे गवंडी सिमेंट घेऊन येणार आहे, असं पुतणीकडून कळलं. कृपा करून त्याला दारातूनच परत पाठवा.

आणखी एक ता. क. तुम्ही हो म्हणालात तर गुलाबासाठी दुसरी कुंडी घेऊन येतो. दुकानात सगळ्या धडधाकट आहेत. तुम्हाला करमणार नसेल, तर एकीला घरीच तडा पाडून आणतो.