देवीपुढची चावी

॥ पिळ्ळैयार प्रसन्न ॥

मदुरै, २९ सप्टेंबर १९९७

चि. तंबी इळंगो यास अक्काचे अ. उ. आ.

मी इथे सुखरूप पोचले. लेकीचे दिवस भरत आलेत आणि जावई घाबरून तिच्यापेक्षा जास्त खातोय. माझा जीव मात्र तिथेच अडकलाय. तुझा मच्चान, माझा कदिर, घरी एकटा. त्याला सांबार तू पोचवत जा, नाहीतर चहा-वड्यावर महिना काढील.

आता मुद्द्याचं. आयुधपूजा आली. तुमच्या चामड्याच्या कारखान्यात पूजेआधी सगळं धुऊन काढतात, आणि ते पाणी कुठे जातं ते मला विचार. गेल्या वर्षी चुन्याच्या कुंड्यांचं पाणी आणि तेजाबाचं पाणी एकदमच गावच्या गटारात सोडलंत, आणि पालिकेच्या कामावर गटार उपसायला खाली उतरलेला माझा नवरा ओकत, डोळे चोळत वर आला. आधी सडक्या अंड्याचा वास आला, मग वास येईनासाच झाला म्हणाला. ती दोन पाणी एकत्र आली की विषारी वायू होतो आणि वास थांबला की माणूस संपलाच समजायचं, हे तूच मला सांगितलंस. सांगून काय उपयोग, मेल्या?

तेव्हा पाणी चुकून निसटलं तर आधी नगरपालिकेला कळवायचं, मालकाला मागाहून. एवढा शब्द दे. कदिरला नुसतं सांगून भागत नाही. कोणी संकटात दिसलं की तो आधी उडी मारतो आणि मग विचार करतो. मी तिथे असते तर तंगडी मोडून घरी बसवला असता. त्याला काही झालं तर तुझ्या मालकाच्या नरड्यात तोच चुना ओतीन, आणि उरलेला तुझ्या.

माया आहेच, तिचा अंत पाहू नकोस.

तुझी अक्का, वडिवु

*

पालारपट्टी, ५ ऑक्टोबर १९९७

ती. अक्कास इळंगोचा शि. सा. न.

धमकी पोचली. मच्चानला वाचून दाखवली, तर हसता हसता सांबार त्याच्या नाकात गेलं. त्याचा सोबती आरोक्यमही होता. दोघं रोज संध्याकाळी पत्ते कुटतात आणि आरोक्यम येशूची शपथ घेऊन लबाडी करतो. त्याची बायको स्टेला म्हणते, गटारात उतरणाऱ्याला पत्त्यांत तरी जिंकू दे.

तू काळजी करू नकोस. चुन्याचं पाणी गावच्या गटारात जातं, ते मी थोडं थोडं सोडतो. तेजाबाचं पाणी आपल्याच टाकीत राहतं. गटाराकडची झडप माझ्या हातात आहे. तिची लोखंडी चावी हातभर लांब आणि चांगली जड. नगरपालिकेचा नंबर मी भिंतीवर लाल रंगात लिहून घेतलाय. मालकाने विचारलं, निवडणुकीला उभा राहतोयस काय.

मेस्त्री सडैयन सकाळपासून मागे लागलाय, की चावी दे, घासून लख्ख करतो, पूजेत मांडायची आहे. देऊन टाकीन, नाहीतर म्हातारा रुसून बसेल. शब्द दिला असं समज.

लेकीला आशीर्वाद. जावयाला पथ्य सांग.

तुझा, इळंगो

*

वेल्लूर, १४ ऑक्टोबर १९९७

ती. अक्कास शि. सा. न.

तारेत एवढंच लिहिलं होतं, की मच्चान जिवंत आहे. बाकीचं आता लिहितो. मी इथल्या इस्पितळात आहे, माझ्या बरगड्या मोडल्या आहेत, उजवा हात शाबूत आहे.

पूजेच्या दिवशी सगळी हत्यारं देवीपुढे मांडली होती. सुऱ्या, आकडे, माझी चावी, सगळ्यांना चंदन-कुंकू. दुसऱ्या सकाळपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हे तुला ठाऊकच आहे. सकाळी चुन्याचं पाणी सोडायला झडप उघडली होती, चावी पूजेत गेल्यामुळे ती तशीच राहिली. आरती चालू असताना तेजाबाच्या टाकीचं बूच निसटलं आणि पाणी धो धो गटाराकडे निघालं. मी चावी मागितली. सडैयनने हात आडवा धरला. देवीच्या मांडीवरचं हत्यार ओढतोस काय, म्हणाला.

मी ओढलं, अक्का. समई लवंडली, नारळ गडगडत गेला. मग सगळे तुटून पडले. ज्यांच्या लग्नात जेवलो त्यांनी लाथा घातल्या. तशातच मी सरपटत जाऊन झडप बंद केली. पण जायचं ते पाणी गेलं होतं. नगरपालिकेला फोन लावला, नुसता वाजत राहिला. त्यांचीही पूजाच. म्हणून चावी हातात तशीच घेऊन मी बाजाराकडे पळालो.

तिथे गटार तुंबून रस्त्यावर आलं होतं आणि नगरसेवक ओरडत होता. पालिकेचं यंत्र, दोर, बांबू सगळं हार घालून पूजेत. आरोक्यम म्हणाला होता, माझी कसली पूजा, मी हातानेच काढतो. तो खाली उतरला होता आणि मच्चान गटाराच्या तोंडाशी वाकून हाका मारत होता. मी पोचलो तेव्हा मच्चानचे पाय आत गेले होते. मी ओरडलो, त्याने ऐकलं नाही. मग मी चावी उचलली आणि त्याच्या खांद्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज आला. तरी तो एका हाताने खाली जायला बघत होता, म्हणून आणखी एकदा घातली.

आरोक्यमला मग लोकांनी कुठूनसा आकडा आणून वर काढला. तो गेला होता.

मच्चान मला खुनी म्हणाला. सोबती खाली मरत होता आणि तू मला अडवलंस, म्हणाला. काल मालक द्राक्षं घेऊन आला होता. आरोक्यम दारू प्यायला होता एवढंच पोलिसांना सांग, म्हणाला. मी अजून हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. भीती वाटते, अक्का. कारखान्यातले पुन्हा मारतील.

तू तंगडी म्हणाली होतीस, माझ्या हातून खांदा मोडला.

इळंगो

*

पालारपट्टी, २१ ऑक्टोबर १९९७

चि. तंबीस अक्काचे अ. उ. आ.

लेक बाळंत झाली, मुलगा आहे. विहीणबाईंच्या हवाली करून मी इकडे आले.

तुझी उरलेली हाडं मोडायची असंच ठरवून निघाले होते. घरी बघते तर तुझा मच्चान भिंतीकडे तोंड करून पडलेला. जेवणाला हात लावत नव्हता. फार खोदल्यावर एवढंच बोलला, की खालून एकदा कदिर अशी हाक आली होती, त्याने मला बोलावलं आणि मी गेलो नाही.

मी सरळ तुमच्या कारखान्यात गेले. ती चावी गल्लीतल्या पोरांनी रस्त्यावरून उचलून घरी आणून ठेवली होती, तीच घेऊन गेले. ऑफिसच्या सगळ्या काचा फोडल्या. मालक टेबलाखाली शिरला. सडैयन दाराशी बसून रडत होता; त्याला मारायला हात उचलला होता, पण उचललेलाच राहिला. बरं वाटलं म्हणशील, तर नाही वाटलं.

काल स्टेला आली. काळी साडी, डोळे कोरडे. कदिरच्या उशाशी बसली आणि म्हणाली, त्याने तुला बोलवायला हाक मारली नसेल, उतरू नकोस म्हणून मारली असेल. मी त्याच्याशी संसार केलाय, मला माहीत आहे.

तेव्हा तो ओक्साबोक्शी रडला. रात्री माझ्या हातून थोडा रसम-भात खाल्ला. मग विचारलं, की त्या गाढवाच्या बरगड्या फार दुखतात का गं, काही कळवलंय का.

आज आम्ही तिघं पोलिसांकडे जाऊन आलो. आरोक्यम दारूला शिवत नव्हता, हे स्टेलाने सांगितलं. गटाराशी काय झालं ते कदिरने सांगितलं. झडपेतून काय गेलं ते फक्त तू सांगू शकतोस. मारतील, हे मलाही कळतं. कदिर म्हणतो, आला की त्याने माझ्या मोडक्या खांद्याच्या बाजूने चालावं, त्या बाजूला मला कोणीतरी लागतं.

दीपावलीच्या आत ये. वाट बघते आहे, आणि बघत राहीन.

तुझी अक्का, वडिवु