हिरव्या रंगाखालची लाल गाडी

२ फेब्रुवारी १९५६, गुरुवार
चिखलीच्या जयवंतरावांची (यापुढे ज.) दोन सीटची विलायती गाडी माझ्या गॅरेजात विकायला उभी, आज तिसरा आठवडा. पुण्याच्या एका वकिलाचे चिरंजीव बघायला आले. सगळे करतात तेच केलं. रंगावर हात फिरवला, हॉर्न वाजवला, आरशात भांग बघितला. "किती पळते?" ज. ने त्यांना शेजारी बसवून देहूरोडपर्यंत नेलं. परत आले ते पांढरेफटक. दारातच ओकले. वाटेत कुत्रं आडवं आलं, ज. ने ब्रेकला पायसुद्धा लावला नाही म्हणे. चाकाला अजून केस होते. मीच धुतलं.
ज. हसत होता. "घोडं आन गाडी, मारल्याबिगर पळत न्हाई, मिस्त्री."
सौदा फिसकटला.

५ फेब्रु., रवि.
आज दोघे. मुंबईचा कापडवाला नुसता बसून बघत होता, आपल्याला शोभते का. दुसरा डोळे मिटून इंजिन ऐकत राहिला, जणू गाण्याच्या बैठकीला आलाय. टायर कोणीच बघितले नाहीत.
मी घ्यायला गेलो असतो तर सकाळी थंड इंजिन चालू करून धूर बघितला असता. पुढचे टायर एका कडेने झिजलेत का. मग खाली उताणं पडून चेसिस. वेगाची गाडी म्हणजे कधीतरी वेगात कशावर तरी आदळलेली असणार. हे कोणी विचारत नाही. बरंय.

९ फेब्रु., गुरु.
रहाटणीचा गणपत आला होता. भाऊ सोपान डिसेंबरात गेला. सकाळी दुधाची किटली सायकलला लावून पुनावळ्याकडून येत होता, मोटारीने उडवलं. वीस-पंचवीस हात फरफटत नेलं. कागदावर 'अज्ञात वाहन'. गणपत तेव्हापासून एकेक गॅरेज धुंडाळतोय. काड्यापेटी उघडून दाखवली. आत लाल रंगाची खपली. किटलीला चिकटलेली.
"लाल गाडी आलीवती का हितं, दादा?"
"नाही," म्हटलं.
त्याच्या मागे दोन हातांवर गाडी उभी. हिरवी.
गणपत पाणी प्यायला, राम राम करून गेला.
आज लिहूनच टाकतो. डिसेंबरात ज. ने ती आणली तेव्हा लाल होती. एका संस्थानिकाकडून घेऊन दोनच दिवस झालेले, गावात कोणी धड बघितलीही नव्हती. इंद्रायणीत धुऊन आणलेली, पाणी निथळत होतं. डावं मडगार्ड आत गेलेलं. "म्हैस आडवी आली," म्हणाला. मी ठोकून काढलं, शिसं भरलं, सांगितल्याप्रमाणे हिरवा रंग मारला. मडगार्डच्या आत धोतराची चिंधी होती. म्हैस धोतर नेसत नाही. भट्टीत टाकली. गॅरेजची जागा ज. च्या वडिलांची आहे.
बायकोला, शांताला, यातलं काही बोललो नाही.

१२ फेब्रु., रवि.
खडकीचे एक रिटायर्ड कॅप्टन आले. साठीचे, धोतर-कोट, हातात काठी. हॉर्नला हात लावला नाही. इंजिन थंड आहे ना, ते बॉनेटवर तळवा ठेवून बघितलं. धूर बघितला. कोट काढून गाडीखाली शिरले. मग खिशातून रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढून पत्र्यावरून फिरवत निघाले. दारावर चिकटलं, बॉनेटवर चिकटलं. डाव्या मडगार्डवर गळून पडलं.
"इथं शिसं आहे. वीतभर." मग दाराचं रबर नखाने उचकटलं. "मिस्त्री, ही मूळची लाल. काय लागलं होतं?"
ज. शेजारी उभा.
मी म्हणालो, "म्हैस."
कॅप्टननी लोहचुंबक पुन्हा रुमालात गुंडाळलं. "लढाईत मी वाहनं सांभाळायचो. गुरं लागलेली बघितलीत आणि माणसंही लागलेली बघितलीत." कोट घातला आणि गेले.


१४ फेब्रु.
डाव्या हाताने लिहितोय. काल दुपारी ज. आला, बरोबर त्याचे दोन गडी. शटर ओढलं. म्हणे कॅप्टनला मीच आधी सांगून ठेवलं. नाही म्हणत होतो. गड्यांनी माझा उजवा हात ऐरणीवर दाबून धरला. हातोडा माझाच, पत्रा ठोकायचा. पहिला घाव ऐकू आला, लागला नाही. दुसरा लागला. तीन बोटं. नंतर पोटात लाथा, किती ते आठवत नाही.
म्हणाला, "आता बोलशील तर बायकू विधवा व्हईल."
डॉक्टरला सांगितलं, जॅक सटकला.

१५ फेब्रु.
शांताने माझ्याकडून सगळं वदवून घेतलं. चिंधीचंही. रडली नाही. "त्या गेलेल्या माणसाच्या घरी कोण कोण आहे?" एवढंच विचारलं. मला माहीत नव्हतं.

२८ फेब्रु., मंगळ.
ज. परवा गाडी घेऊन गेला, आता घरूनच विकणार. आज गणपत रस्त्याने जाताना दिसला. मीच हाक मारली. सगळं सांगितलं. चिंधी, शिसं, नाव. फौजदाराकडे जा, मी जबाब देतो, म्हटलं.
त्याने माझ्या बोटांकडे बघितलं.
"त्येचं घर कंच्या अंगाला हाय?"
सांगितलं. का सांगितलं?

४ मार्च, रवि.
 सकाळी चिखलीत ज. विहिरीजवळ नव्या गिऱ्हाइकाला गाडी दाखवत होता. बॉनेट उघडून वाकलेला. गणपत उसातून आला. कोयत्याचा पहिला वार उजव्या खांद्यावर, हाड दिसलं म्हणतात. दुसरा मानेवर, पण बॉनेटच्या कडेला अडून ओझरता गेला. गिऱ्हाईक पळालं. ज. इंजिनावरच कोसळला, गरम लोखंडावर, आणि ओरडत राहिला. गणपतने मग गाडीच फोडायला घेतली. काच, दिवे, डावं मडगार्ड. पळाला नाही. गावाने धरून दगडांनी मारला. समोरचे दात गेले. पोलिसांनी सोडवला आणि चौकीत पुन्हा मारला.
ज. जिवंत आहे. उजवा हात कायमचा गेला.
मी म्हणालो होतो फौजदाराकडे जा. म्हणालो होतो ना?

१९ मार्च, सोम.
समन्स. गणपतच्या खटल्यात साक्ष, ९ एप्रिल, पुणे कोर्ट.
संध्याकाळी ज. चे वडील आबा घरी आले. जोडे बाहेर काढून खाली बसले. इतके म्हातारे कधी दिसले नव्हते.
"मिस्त्री, पोराचा हात गेला. देवानं केला त्यो न्याय झाला. तुमी कोर्टात म्हैसच म्हना. आमी म्हनतो, बोलाबोली झाली, रागाच्या भरात झालं. गणपत लवकर सुटंल."
"आणि खरं सांगितलं तर?"
"मग त्यो भावाचा सूड घ्याया घरातनं कोयता घिऊन, ठरवून मारायला आला, हे बी खरं ठरतंय. बगा. जागेचं मी काय बोलत न्हाई."
नाही म्हणाले, पण बोललेच.
वकिलाला विचारलं. म्हातारा बरोबर सांगतोय म्हणाला. खरं बोलाल तर सोपानचा खटला उभा राहील, पण गणपतला जास्त वर्षं लागतील.

८ एप्रिल, रवि.
उद्या साक्ष. सकाळी सोपानची बायको चंद्रा आली. कपाळ मोकळं, वय पंचविसाच्या आत. बसली नाही. "माज्या मालकाला म्हैस म्हनून मारू नका. त्यास्नी मानूस म्हनून मारलं, येवढं मोठ्यानं सांगा. बाकी काय नगं."
"बरं," म्हणालो.
दुपारी गणपतची बायको यमुना आली. शांताचे पाय धरले, मग माझे. "जाऊबाईचा गेला त्यो काय येत न्हाई. माजा हाय अजून. त्यो तर माघारी येऊ द्या. म्हैस म्हना, दादा."
तिलाही "बरं" म्हणालो.
दोघी एकाच घरात राहतात. आत्ता चुलीपुढे बसल्या असतील आणि एकमेकींना सांगत असतील, मिस्त्री 'बरं' म्हणाले.