शेंड्याचा मणी आणि कानाखालची गाठ

नाशिक,
ता. १४ फेब्रुवारी १९८४

श्री. निवृत्तीराव व्याही यांस, मुक्काम निफाड, रंगनाथाचा आदरपूर्वक नमस्कार.

आम्ही उभयता सुखरूप आहोत. आपले व विहीणबाईंचे क्षेम कळवावे, असे रीतीला धरून लिहितो. (वस्तुतः ते मला कळले आहे. चि. सौ. लताने गेल्या पत्रात आपल्या उजव्या कानाखालील गाठीचा उल्लेख केला असून, आपण ती कोणासही दाखविण्यास तयार नाही, असेही लिहिले आहे.) मुलीच्या बापाने व्याह्यांच्या मानेची चौकशी करणे शिष्टाचारात बसत नाही. म्हणून आपली गाठ मला अज्ञात आहे असे गृहीत धरून मी केवळ माझ्या गाठीविषयी लिहितो. दोहोंत साम्य आढळल्यास तो निष्कर्ष आपला. लताला बोल लावू नये.

माझी गाठ डाव्या कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर, दसऱ्याच्या सुमारास दाढी करताना हाताला लागली. दुखत नव्हती. ज्या अर्थी दुखत नाही त्या अर्थी गंभीर नाही, असे अनुमान मी काढले आणि त्यावर तीन महिने निभावून नेले. (मी एकतीस वर्षे कॉलेजात तर्कशास्त्र शिकविले. विद्यार्थ्याने हे लिहिले असते तर मी त्याला शून्य दिले असते, कारण वाईट गाठीही आरंभी बहुधा दुखत नाहीत.) अखेर आमच्या सौ. सुमनबाई म्हणाल्या, "तुम्ही सिद्ध करत बसा, मी रिक्षा आणते," आणि त्यांनी ती आणली.

गंगापूर रोडला एक डॉक्टरीणबाई आहेत. त्या गाठ न कापता बारीक सुईने तिच्यातील पेशी ओढून घेतात व काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. मी हरकत घेतली की शितावरून भाताची परीक्षा तेव्हाच ग्राह्य, जेव्हा सारे भांडे सारखे शिजलेले असते. माझी गाठ तशी आहे यास प्रमाण काय? बाई शांतपणे म्हणाल्या, "काका, प्रमाण आतच आहे. मान फिरवा."

पहिल्या सुईत पेशी आल्याच नाहीत. गढूळ, तपकिरी पाणी आले. त्यांचा मदतनीस काळू नळी उजेडात धरून म्हणाला, "बाई, गाडीचं जळकं ऑईल निघतं ना, लय तसंच हाय हे." (स्वतःच्या डोक्याशेजारून निघालेल्या द्रवाविषयी हे ऐकणे मला रुचले नाही.) पाणी निघाल्यावर गाठ बसली, तेव्हा मी उठू लागलो. बाईंनी खांद्यावर हात ठेवून मला बसविले. फसवणूक इथेच होते, त्या म्हणाल्या. पाण्यावरून काही ठरत नाही, उरलेल्या घट्ट भागातून पुन्हा घ्यायला हवे. त्या क्षणी मला आपण आठवलात. गेल्या हंगामात व्यापारी आपल्या द्राक्षांच्या घडाच्या खांद्यावरचा, देठाजवळचा मणी चाखून भाव करू लागला, तेव्हा आपण त्याला शेंड्याचा, शेवटी पिकणारा मणी खायला लावला होता. तो गोड, तर घड गोड. नमुना कोठून घ्यावा हे मी पुस्तकातून शिकविले. आपण ते बागेत जाणता. आपल्याला या बाईंची पद्धत समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

आता राहिला तो आक्षेप, जो आपण घेतला असल्याचे मला ठाऊक नाही: गाठीला सुई लागली की ती पसरते. दाखला म्हणून आपले चुलते कोंडाजी यांचे नाव निघते. सुई टोचली आणि तीन महिन्यांत गेले. पण टोचण्यापूर्वीच त्यांचे तोंड एका बाजूस वाकले होते, म्हणजे गाठ आतल्या नसेपर्यंत पोचलेली होती, आणि गाठ त्यांनी दोन वर्षे पागोट्याखाली दडविली होती. कावळा बसला, फांदी मोडली. दोष कावळ्याला देण्यापूर्वी फांदी किती काळ पोखरलेली होती, हे पाहिले पाहिजे. कोंडाजींना सुईने नव्हे, त्या दोन वर्षांनी नेले, असे माझे मत आहे. आणि हे मत मी थंडपणे मांडू शकत नाही.

माझ्या दुसऱ्या सुईत पेशी आल्या आणि निकाल चार दिवसांनी आला. लाळेच्या ग्रंथीची, क्वचित आढळणारी, साधी गाठ. जिवास धोका नाही. तो कागद मी दोनदा वाचला आणि सौ.ना तिसऱ्यांदा मोठ्याने वाचायला लावला.

विहीणबाईंना नमस्कार, लताला व जावईबापूंना आशीर्वाद.

आपला,
रंगनाथ

ता. क. : ही गाठ काही जणांना दोन्हीकडे होते. बाईंना माझ्या उजव्या बाजूसही एक लहान गाठ लागली असून तिचीही सुई व्हायची आहे. त्यासाठी दिलेले दोन गुरुवार मी चुकविले. पहिल्या गुरुवारी कारण होते. दुसऱ्या गुरुवारी मी दारापर्यंत जाऊन परतलो, सौ.ना हे माहीत नाही.

ता. क. दुसरा : गुरुवार ता. २३ रोजी सकाळी दहाची वेळ मी आपल्या व माझ्या अशा दोघांच्या नावे घेतली आहे. सकाळच्या एस.टी.ने यावे. मला एकट्याने जाववत नाही. बाईंकडे खुर्ची एकच आहे. पहिला मान वरपक्षाचा, हे आपण लग्नात मला दोनदा समजावून सांगितले होते. त्यावर माझी आजही काही हरकत नाही.