पाठीवरचं शेपूट

२ नोव्हेंबर १९२६, मंगळवार
गाईने आज बादली लाथाडली. मलाही! शेजारच्या हार्डरबाई कुंपणावरून म्हणाल्या, “काय गं आगाथा, तुमच्या रशियात गाई स्वतःच दूध घरात आणून देत असतील, नाही?”

खरं तर मोलकरीण आणून देई. पण ते सांगायची सोय नाही. “तिकडे आमच्याकडे” एवढं तोंडातून निघालं की सगळं गाव हसतं. ही मंडळीही रशियातलीच, पण इथे मॅनिटोबात आमच्या कितीतरी आधी आलेली. धर्म एक, बोली एक, तरी त्यांच्या लेखी आम्ही मिजासखोर! (आहेच मी थोडी.)

६ नोव्हेंबर, शनिवार
सासूबाईंनी डिडरिखची लोकरी टोपी उन्हात घातली, झटकली, परत पेटीत ठेवली. दर शनिवारी हेच. तिकडच्या यादवीत घोडेस्वार माझ्या नवऱ्याला घेऊन गेले त्याला सात वर्षं झाली. “आला की या थंडीत डोक्याला काय घालेल बिचारा?” खरं काय ते बोलायला हिंमत लागते, आणि ती मी बहुतेक बोटीतच विसरून आले.

९ नोव्हेंबर
गावातल्या इसाक पेनरने लग्नाचं विचारलं! गोठ्यात, शेण काढता काढता. त्याचीही बायको जाऊन बरीच वर्षं झाली. “नाही म्हणालीस तर वसाहत करायला निघालेल्या पुढच्या तुकडीबरोबर पॅराग्वेला जातो. इथं कुणासाठी राहू?” मी म्हटलं, सांगते.

घरी येऊन दुमजली पाव भाजायला घेतले. एकूणएक पावाचा वरचा मजला घसरला. लीझा म्हणाली, “आई, सगळ्यांनी माना टाकल्या!”

मला तो आवडतो. झालं, लिहून टाकलं. चर्चच्या मंडळीचे वडीलधारे म्हणतात, पुन्हा लग्नाला तू मोकळी आहेस. पण पेटीतल्या टोपीला हे कोण सांगणार?

१० नोव्हेंबर
आज सासूबाईंना सांगणार होते. त्याऐवजी मोजे रफू केले.

१८ नोव्हेंबर, गुरुवार
हार्डरांकडे डुक्कर कापायचं होतं. पहाटेपासून गाव गोळा. मला आतडी धुवायला दिली. धुतली, आणि उलटी झाली नाही! तेवढ्यावरच अंगात वारं शिरलं. म्हटलं, आज इसाकला उत्तरही देऊन टाकावं.

त्याला विहिरीपाशी गाठलं. सासूबाई शेजारीच कढईत चरबी ढवळत होत्या, पण त्यांना ऐकू कमी येतं. म्हटलं, “सासूबाईंनी फार सोसलंय. त्यांची आशा मी मोडणार नाही. तुम्ही जा पॅराग्वेला.” काय सुंदर बोलले! त्याचा चेहरा एवढासा झाला. मग मी मान ताठ करून, एखाद्या राणीसारखी वळले आणि चालू लागले.

मागून इसाकचा आवाज आला. आधी दाबलेला, मग खो खो हसण्याचा! स्वयंपाकघरात शिरले तर तिथेही सगळे पोट धरून. लीझाने माझ्या पाठीवरून काढून दाखवलं – डुकराचं शेपूट! पिनेने लावलेलं! डुक्कर कापतात त्या दिवशी कुणाच्या तरी पाठीला ते लावतातच. तिकडेही लावायचे, मीही लावलंय. पण आज? माझ्याच पाठीला? आयुष्यात एकदा मोठ्या मनाने काही केलं, आणि मागे शेपूट हलत होतं.

१९ नोव्हेंबर
इसाकनेच लावलं असणार. दिवसभर चिडले. मग आठवलं, मी वळून पाहिलं तेव्हा हसताना तो डोळे पुसत होता. ते डोळे हसण्याने भरले नव्हते. मी गाढव!

रडत होते तर सासूबाईंनी विचारलं, “काय गं?” म्हटलं, “कांदा.” चुलीवर नुसतं दूध होतं.

२१ नोव्हेंबर, रविवार
दुपारच्या कॉफीला बसलो तोच दारावर थाप. इसाक! डोक्यावर डिडरिखची टोपी! सासूबाईंनी ती सकाळीच लीझाच्या हाती पाठवली होती.

“शेपूट मी लावलं होतं,” त्या म्हणाल्या. “तू जरा हसावंस म्हणून. तर तू ते मिरवत माझ्या नावावर नकार देऊन आलीस! बहिरी असले तरी एवढं ऐकू येतं मला.”

मी म्हटलं, “पण आई, तुम्ही दर शनिवारी ती टोपी...”

“तुझ्यासाठी झटकत होते गं. तुझी आशा मोडू नये म्हणून. तो यायचा नाही आगाथे, मला केव्हाच कळलंय. इसाकला बस म्हण. कॉफी निवतेय.”