ऑस्टिनचे अकरा दाखले

७८६
पौड, ता. मुळशी
१२ फेब्रुवारी १९७९

ती. बीबीजान आपास धाकट्या युनूसचा सलाम. वि. वि.

आमी समदी खुशाल हाय, म्हणायचं म्हणून. भूगावच्या उतारावर विटांच्या ट्रकनं अब्बांच्या ऑस्टिनला ठोकलं ते तुला कळवलंच हुतं. काल विमा कंपनीचा कागद आला. टोटल लॉस म्हणत्यात. म्हंजी दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपरीस जास्त, तवा चार हजार घ्या आन् गाडी आमच्या हवाली करा. मग ते ती भंगारात काढणार. तपासायला आलेल्या सायबानं बॉनेटसुदीक उघडलं न्हाई. च्या प्याला आन् गेला. पिरंगुटचा बहिरू मिस्त्री म्हणतोय, इंजिनाला खरचटलंबी न्हाई, सव्वा महिन्यात उभी करतो.

मला पैसे नकोत, गाडी पायजे. ६ मेला शमाचं लगीन हाय. धरणावरच्या सायबानं जाताना आपल्या ड्रायव्हरला, अब्बांना, गाडी दिली, तवापासनं तीस साल पौडच्या, भरे गावच्या लेकी तिच्यातनंच सासरी गेल्या. आता नातीची पाळी आली तर गाडी भंगारात? नात ऑस्टिनमधनं जाईल न्हाईतर मी मांडवात येणार न्हाई, असं अब्बा धरून बसल्यात. दोन दिस जेवले न्हाईत.

नसीर दाजी विम्याच्याच हापिसात हायेत. कंपनीशी भांडायचं कसं ते त्येंना इचारून कळीव.

आमच्यावर माया हाये तशीच असू दे.
तुजा युनूस

७८६
पुणे
१९ फेब्रुवारी १९७९

चि. युनूसला आपाची अनेक दुवा. वि. वि.

पत्र पोचलं. सुलतानाला सांग, नवऱ्याच्या शाईत पाणी घालत जाऊ नकोस. निम्मं पत्र मी अंदाजानं वाचलं. एवढा शमाचा बाप झालास तरी अक्षर कोंबडीच्या पायाचंच!

ह्यांना विचारलं. कंपनीनं ऑस्टिनची किंमत जुन्या खटाऱ्याची धरलीय, तेव्हा गाडी किती ठणठणीत आणि किती मानाची होती याचे लेखी दाखले जोडायचे. किंमत वाढली की दुरुस्तीचा खर्च मिळतो. ज्यांच्या लेकी तिच्यातून गेल्या त्यांच्याकडून घे. गाडी कधी नेली, कुठवर नेली, अब्बांचा मान कसा ठेवला, सगळं लिहू दे. तू मजकूर सांगू नकोस हं. ज्यानं त्यानं आपल्या मनानं लिहावं, म्हणजे कंपनीला खरं वाटतं. गेणबा पाटलांचा दाखला सगळ्यांत वर ठेव.

शमासाठी हिरवा शालू घेऊन ठेवलाय. अब्बांना म्हणावं, जेवा. बहिणीची आठवण कामापुरती ठेवू नकोस.
तुझी आपा

७८६
पौड
९ मार्च १९७९

ती. आपास सलाम. वि. वि.

अकरा दाखले जमले. पाटलांनी आपल्या हातानं लिवलं, की लेकीच्या लग्नाला ऑस्टिन नेली आन् मौला ड्रायव्हरला एकवीस रुपये व नारळ दिला. आपा, एकवीस कुटले! नुसता नारळ दिला हुता, तोबी अब्बांनी फोडून वऱ्हाडाला वाटला. अब्बांनी जन्मात कुणाची दमडी घेतली न्हाई. मी म्हणलं, पाटील, रुपये कदी दिले? तर म्हणाले, पाटलानं गाडी फुकट नेली असं कागदावर ऱ्हावं व्हय?

ते वाचून कोंडिबा वाण्यानं पंचवीस लिवले. मग रंभाबाई कशी मागं ऱ्हाईल? तिनं एकतीस आन् वर फेटा लिवला. अकराच्या अकरा तसंच. आमी लई हासलो. म्हणलं लिवू दे, मानाचा परश्न हाय. तूबी म्हणली हुतीस, ज्येच्या त्येच्या मनानं लिवू दे. अब्बांना समदं वाचून दावलं आन् त्येंनी त्या दिशी दोन भाकरी खाल्ल्या.

दाखले रजिस्टरनं धाडले. गाडी उभी ऱ्हाईली की पयली तुला न्यायला पाठीवतो. दाजींना सलाम, आन् तुजे उपकार इसरणार न्हाई.
तुजा युनूस

७८६
पौड
२ एप्रिल १९७९

ती. आपास सलाम. वि. वि.

कंपनीनं दावा रद्द केला. पॉलिसी घरगुती वापराची, तुमी गाडी भाड्यानं चालवत हुता, तुमच्याच अकरा दाखल्यांवरनं दिसतंय, असं लिवलंय. आता दुरुस्ती न्हाई आन् ते चार हजारबी न्हाईत. पाटलांच्या पाया पडलो, म्हणलं रुपये दिले न्हाईत असं लिवून द्या. म्हणाले, पाटील लिवलेलं फिरवत नसतो. बहिरू मिस्त्री जागा मोकळी कर म्हणतोय. काल भंगारवाला बघून गेला. अब्बांना अजून सांगितलेलं न्हाई.

आपा, एकच इचारतो. दाजींना ह्यो नियम ठाव नव्हता?
युनूस

पुणे
८ एप्रिल १९७९

चि. युनूसला दुवा.

ह्यांना ठाऊक आहे, पण ह्यांना मी विचारलंच नव्हतं. मला ठाऊक होतं. अठ्ठावीस वर्षं ह्यांच्या ताटापुढे बसून विम्याच्या गोष्टी ऐकतेय. घरगुती गाडीला भाड्याचा वास आला की दावा बुडाला, हे मला अलिफ-बेसारखं पाठ आहे. आणि पौडची माणसंही पाठ आहेत. फुकट घेतलं असं गेणबा पाटील मेले तरी लिहिणार नाहीत.

माझ्या लग्नाच्या दिवशी अब्बा म्हणाले, ऑस्टिन पाटलांनी साताऱ्याला पाहुणे आणायला नेलीय, त्यांना नाही कसं म्हणू? साऱ्या गावच्या लेकी मोटारीतून गेल्या आणि मौला ड्रायव्हरची लेक कोबीच्या लॉरीत पोत्यावर बसून पुण्याला आली. सासूनं दारातच विचारलं, बापाच्या मोटारीचं एवढं ऐकलं, ती कुठाय? पुढं ती मरेपर्यंत, पाहुणा आला की तेच विचारायची.

शमाला लॉरी बघ. कोबी नसलेली बघ, तेवढी माया आहे मला पोरीची. शालू दुकानात परत केला. पत्र टाकायचं तर टाक, मी वाट बघणार नाही.
बीबीजान

पौड
१३ एप्रिल १९७९

आपास सलाम.

तुजी चिट्टी अब्बांना वाचून दावली. एक अक्षर गाळलं न्हाई. त्येंनी तुला शिव्या द्याव्यात म्हणूनच वाचली. तर ते म्हणाले, लिव.

पाटलांनी त्या दिशी गाडी नेलीच नव्हती. ऑस्टिन हितंच हुती, शेजारच्या कुशाबाच्या गोठ्यात, चादर घालून. पुण्याच्या रस्त्याला ताजं डांबर टाकलं हुतं आन् गाडीला आठ दिसांमागं नवा रंग दिला हुता. डांबर उडंल म्हणून त्येंनी ती काढली न्हाई. तुला सांगायची लाज वाटली, म्हणून पाटलांचं नाव घेतलं. चादरीचं दुसरं टोक मीच धरलं हुतं. तेरा वर्साचा हुतो, पर समजत हुतं.

एवढं लिवून झाल्यावर मी इचारलं, आपाला आणिक काय लिवू? मला वाटलं माफी मागतील. तर म्हणाले, तिला कळीव, रंग लई झ्याक बसला हुता.

तुजा भाऊ
युनूस