कावळा शिवला तर खोली विकते

लोक जेवतात तोवर भांडी लागणार, आणि भांडी लागतात तोवर आपल्या हाताला काम, असं तुम्हीच सांगायचात ना बाबा? मग ऐका. लोक जेवतायत. पण शेठनं पॉलिशच्या मशिनी विकल्या, गाळ्याला पांढरा रंग काढला, एसी लावला आणि कॉम्प्युटर मांडले. शेवटच्या दिवशी मी तुमचीच मशीन पुसतेय, तर म्हणतो, "बाई, अब यहाँ अमेरिका का काम आयेगा." मी म्हटलं, "अमेरिका को बोलो, मेरे लिए भी देखे कुछ." हसला मेला.

तुमच्या नातीला तिथंच नोकरी लागली. जिथं आपण पॉलिशच्या धुळीनं काळे होऊन उभे राहायचो, तिथं ही इस्त्रीच्या कपड्यात खुर्चीवर. मी आख्ख्या चाळीत पेढे वाटले, खोटं कशाला बोलू. अमेरिकेतली एक बाई तिला फोनवर काम शिकवायची. शिकवून झालं आणि त्या बाईलाच काढलं, कारण आपली पोरगी स्वस्त. त्या दिवशी ही जेवेना. मी म्हटलं, "तुझं काय जातंय? गिळ." आता साहेबानं हिच्या शेजारी दुसऱ्या गावची दोन पोरं आणून बसवलीत. "यांना सगळं शिकव," म्हणतो. ती हिच्याहून स्वस्त. रोज शिकवून येते, ताटासमोर नुसती बसते, आणि माझ्या तोंडून 'गिळ' निघत नाही.

परवा म्हणाली, "आई, खोली विकू. मी मोठा कोर्स करते, बंगलोरला जाते. तू नालासोपाऱ्याला भाड्यानं राहा." आणि खोली तुम्ही घेतलेली. तुमच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं, भटजी घड्याळ बघायला लागले. शेवटी मी ओरडले, "खोली विकणार नाही बाबा, शिवा आता!" तेव्हा कुठं शिवलात. पण मला चौथीतून काढून मशीनवर उभी केलीत, तेव्हा विचारलं होतंत का?

कोर्स केला तरी तिच्याहून स्वस्त कुणीतरी कुठंतरी बसलेलंच असणार. मला कळतं ते. तिला सांगत नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही, तांदळाच्या डब्याखाली ठेवतेय. सर्वपित्रीला छपराच्या पत्र्यावर तुमचं पान ठेवीन आणि मोठ्यानं सांगेन, खोली विकते म्हणून. वडे आणि काळ्या वाटाण्याची आमटी करणार आहे. लाच आहे, कबूल. दुसऱ्या दिवशी सकाळी दलाल येतोय. तेव्हा सर्वपित्रीच्या दुपारपर्यंत काय ते उत्तर द्या.